साडेपाचची खुर्ची

शनिवारी संध्याकाळी ऑफिसात थांबायची वेळ आलीच, तर पाचनंतर मी खिडकीकडे पाठ करून बसतो. आमचं ऑफिस खराडीत, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून दोन नंबरचं गेट दिसतं आणि गेटाबाहेरचं शिरीषाचं झाड. बरोबरच्या लोकांना वाटतं, साहेबांना मावळतीचं ऊन सोसत नाही. वाटू दे. पन्नास माणसांवर देखरेख करणाऱ्याला एका झाडाची भीती वाटते, हे सांगत बसण्यापेक्षा ऊन बरं.

त्या झाडाखाली वैजनाथ कुंटूरकर खुर्ची मांडायचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो, जरी ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. त्यांच्याविषयी चार शब्द लिहायचे, हे मी सात वर्षं टाळत आलो. टाळणं हा माझा जुना गुण आहे. सरांनी आयुष्यभर जे सांभाळलं ते माझ्या याच गुणापायी गेलं, म्हणून तो आधीच कबूल करून टाकतो.

आमची काचेची इमारत जिथे आहे तिथे पूर्वी जयकेतन इंजिनिअरिंग नावाचा कारखाना होता. पंपांचे सुटे भाग बनायचे. माझे वडील तिथे टर्नर होते आणि वैजनाथ सर टाइमकीपर. नांदेडकडच्या कुंटूर गावातून मॅट्रिक होऊन ते चौऱ्याहत्तर साली पुण्यात आले. सडपातळ अंगाचे, कानावर पेन्सिल, बोलणं हळू. कोणता कामगार किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर पडला, एवढंच त्यांनी तेवीस वर्षं लिहिलं. एका मिनिटाचीही सूट त्यांनी कोणाला दिली नाही, माझ्या वडिलांनाही नाही. त्यामुळे आमच्या घरी त्यांचं नाव फारसं प्रेमाने निघत नसे.

नांदेडला शाळेत असताना ते स्काऊट होते. खराडीत तेव्हा शेतं होती, दगडाच्या खाणी होत्या आणि कारखान्याच्या चाळी. पाळी सुटली की कामगार झोपायचे आणि त्यांची पोरं खाणीच्या पाण्यात डुंबायला जायची. सर मालकांकडे गेले आणि म्हणाले, मला स्काऊटचं पथक काढायचंय, कारखान्याने पालक व्हावं.

हे पालक होणं काय असतं, ते सांगायला हवं. शाळेच्या पथकामागे शाळा असते. शाळेबाहेरच्या पथकाला मात्र एक पालक संस्था लागते. सभेला जागा तिने द्यायची, समिती तिने नेमायची, मास्तर पारखून घ्यायचा तोही तिनेच, आणि मुलांना शिबिराला नेल्यावर काही बरंवाईट झालं तर उत्तरही तिनेच द्यायचं. दर वर्षी मार्चअखेर नोंदणीचा कागद जातो, त्यावर पालक संस्थेच्या माणसाची सही लागते. ती नसेल तर मुलांच्या अंगावरचा गणवेश म्हणजे नुसते खाकी कपडे, आणि मास्तर म्हणजे दुसऱ्याची पोरं गोळा करून बसलेला एक इसम.

मालकांनी होकार दिला, कँटीनमागची खोली दिली आणि कारखान्यातर्फे हिंमतरावांना नेमलं. हिंमतराव खराडीचेच. कारखाना त्यांच्या वडिलांच्या जमिनीवर उभा होता, त्या बदल्यात त्यांना पहारेकऱ्यांवरची नोकरी मिळाली होती. मोठ्या मिशा, कडक आवाज. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं तरुणपणी कडबा कापायच्या यंत्रात गेली होती, त्यामुळे तो हात ते कायम सदऱ्याच्या खिशात ठेवत. सही डाव्या हाताने करत. अक्षरं डावीकडे कलंडलेली आणि शेवटच्या अक्षराखाली एक लांब रेघ.

त्यांना या कामात आधी काडीचा रस नव्हता. पहिल्या सभेला ते कपाळाला आठ्या घालून आले. स्काऊट एकमेकांशी हस्तांदोलन करतात ते डाव्या हाताने. सरांनी डावा हात पुढे केला तेव्हा हिंमतराव त्या हाताकडे बघत राहिले.

"ह्यांच्यात डावाच हात द्येत्यात व्हय?" त्यांनी विचारलं.

"डावाच," सर म्हणाले.

"मंग ह्ये माझंच हाय," हिंमतराव म्हणाले, आणि त्या दिवसापासून वीस वर्षं त्यांनी एक शनिवार चुकवला नाही.

त्यांच्यासाठी सरांनी पथकात एक पद्धत पाडली. ती कुठल्या पुस्तकात नाही. झेंड्याच्या उजव्या अंगाला एक लोखंडी घडीची खुर्ची मांडायची. ती पालकांची. बरोबर साडेपाचला हिंमतराव त्या खुर्चीत बसणार, आम्ही रांगेत उभे राहून सलाम करणार. मग ते विचारणार, "आज किती?" सर ताठ उभे राहून आकडा सांगणार. चौतीस, एकतीस, जो असेल तो. हिंमतराव रांगेवरून नजर फिरवून म्हणणार, "चालू द्या." त्यानंतरच दोऱ्या सुटायच्या, काठ्या बाहेर यायच्या. मी अकराव्या वर्षी पथकात गेलो आणि पुढे चित्ता संघाचा नायक झालो. हिंमतरावांच्या तंबाखूचा वास, चुना मळतानाचा त्यांचा तो अंगठा आणि "चालू द्या" म्हणताच मोकळा होणारा श्वास, एवढं मला अजून जसंच्या तसं आठवतं. आपण किती आलोय याची कोणीतरी मोठ्या माणसाने चौकशी करावी, ही गोष्ट चाळीतल्या पोरांच्या वाट्याला एरवी येत नसे.

सत्त्याण्णवला कारखाना बंद पडला. पेपरात उदारीकरणाचे अग्रलेख येत होते आणि बाहेरून स्वस्त पंप येत होते. माझं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. वडील घरी बसले आणि मी कॉम्प्युटरच्या नोकरीला लागलो. पुढे लग्न झालं, कोथरूडला फ्लॅट घेतला, तीन वर्षं परदेशात काढली. पथकाची मला आठवण येत नव्हती असं नाही. येत होती, आणि तेवढी पुरत होती.

सर चंदननगरला राहिले. एका ट्यूशन क्लासमध्ये मुलांची हजेरी घ्यायचं काम त्यांना मिळालं. पथक मात्र थांबलं नाही. कारखान्याचं आवार मोकळं पडलं होतं, हिंमतराव तिथे राखणीला होते, त्यामुळे शनिवार चालू होता. दोन मार्च असेच गेले. कारखाना नव्हता तरी हिंमतरावांनी कागदावर सही केली. नव्याण्णवच्या पावसाळ्यात ते आजारी पडले. सर भेटायला गेले तेव्हा त्यांनी डावा हात पुढे केला आणि सरांचा हात धरून ठेवला.

"पथक बंद पडू द्यायचं न्हाई," ते म्हणाले. "खुर्ची मांडत जा. म्या आसंन."

आठ दिवसांनी ते गेले. पुढच्या शनिवारी सरांनी खुर्ची मांडली. मुलांनी रिकाम्या खुर्चीला सलाम केला. साडेपाचला सर ताठ उभे राहिले, जरा थांबले, आणि त्यांनी खुर्चीकडे बघून आकडा सांगितला. पुन्हा थांबले. मग मुलांकडे वळून म्हणाले, "चालू."

हे सगळं मला नंतर त्यांच्या पत्नीने, यमुनाबाईंनी सांगितलं. त्यांनीच हेही सांगितलं, की त्या रात्री सर जेवायला बसले आणि म्हणाले, "त्यांनी विचारलं. मला ऐकू आलं." यमुनाबाईंनी वाढता वाढता विचारलं, काय विचारलं? सर म्हणाले, "नेहमीचंच."

पथकात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. खुर्चीजवळ तंबाखूचा वास येतो असं मुलं म्हणायची. खेळताना कोणी त्या खुर्चीला पाय लावत नसे. एका धीट पोराने एकदा बसून बघितलं, आणि तो बसताक्षणी उठला. खुर्ची गार लागली नाही, एवढंच त्याने सांगितलं. सर ना त्याला रागावले, ना त्यांनी कोणाची समजूत घातली.

मग दोन हजारचा मार्च आला. सरांनी पालक शोधले नाहीत असं नाही. गणेश मंडळ म्हणालं, होऊ की, पण गणवेशावर आमचं नाव पाहिजे. नव्या सोसायटीच्या चेअरमननी विचारलं, यात बाहेरचीही मुलं येणार का? बाहेरची म्हणजे वॉचमनची, गवंड्याची, ड्रायव्हरची. पथकात तीच मुलं होती. तीस मार्चला सर कागद घेऊन घरी आले. त्यांनी जुन्या वर्तमानपत्रावर डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली. यमुनाबाई बघत होत्या. पाचसहा वेळा अक्षरं वेडीवाकडी आली. मग कलंडायला लागली, आणि शेवटी ती लांब रेघ आपोआप खाली उतरली. सरांनी पेन खाली ठेवलं आणि हात पुसायला त्यांच्या लुगड्याचा पदर मागितला. शाई लागलेली नव्हती.

कागद जिल्ह्याच्या स्काऊट कार्यालयात गेला आणि नोंदणी झाली. कागद पूर्ण भरलेला होता, आणि पूर्ण भरलेल्या कागदावर संशय कोण घेणार? अशी सहा वर्षं गेली. मेलेल्या हिंमतरावांनी बंद पडलेल्या कारखान्यातर्फे सहा वेळा सही केली. या काळात सरांनी एक गोष्ट सोडली. ते मुलांना डावा हात देईनासे झाले. सभा सुटताना रांगेने सगळ्यांशी हस्तांदोलन करायची पद्धत होती. त्याऐवजी ते नुसता सलाम करायचे. का, ते कोणाला कळलं नाही. यमुनाबाईंना कळलं होतं, पण त्या बोलल्या नाहीत.

दरम्यान कारखान्याच्या शेड पाडल्या गेल्या आणि तिथे आयटी पार्क आलं. पथक गावातल्या शाळेच्या पटांगणावर गेलं. जुन्या आवारातलं एकच झाड उरलं, ज्याच्या सावलीत आमचा झेंडा असायचा ते शिरीष, कारण रस्ता रुंद करताना ते कुंपणाबाहेर पडलं. दोन हजार पाचला मी परत आलो आणि माझी बदली नेमकी त्याच पार्कातल्या ऑफिसात झाली. मला गंमत वाटली. बाबा जिथे लेथवर उभे राहायचे तिथे माझी खुर्ची चाकांवर फिरते, हे मी पार्टीत सांगायचो, आणि लोक हसायचे.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी दोन नंबरच्या गेटाबाहेर टपरीवर चहा घेत होतो. मागून आवाज आला.

"चित्ता संघ."

मी वळलो. सर तसेच होते, फक्त कानावरची पेन्सिल पांढऱ्या केसांत होती. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र त्यांनी हातात घेऊन वाचलं, दोन्ही बाजूंनी.

"शुभंकर, तुमची कंपनी पालक होईल का?" त्यांनी विचारलं. इकडचं तिकडचं काही नाही. हजेरीच्या माणसाला प्रस्तावना येत नाही.

त्यांनी सगळं सांगितलं. मुलं सत्तावीस आहेत. त्यातली चार राज्य पुरस्काराच्या चाचणीला बसणार आहेत, आणि नोंदणी एक वर्ष जरी तुटली तरी त्यांना बसता येणार नाही. पैसे नकोत. तंबू आहेत. फक्त कंपनीच्या कागदावर एक पानाचं पत्र, की आम्ही या पथकाचे पालक आहोत, आणि आमच्यातर्फे अमुक माणूस काम बघेल. मग ते खाली बघत म्हणाले, "सह्यांचं मी काय केलंय तेही सांगतो," आणि तेही सांगितलं.

मला त्या क्षणी त्यांच्याविषयी फार वाटलं. खोटं नाही. मी म्हणालो, "सर, एवढंच ना? पत्र मी आणतो. आणि माणूस म्हणून माझं नाव घाला."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डावा हात पुढे केला. मी माझा डावा हात दिला आणि त्यांनी तो दाबला. सहा वर्षांत त्यांनी कोणाला दिलेला तो पहिलाच डावा हात होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी चहाचे पैसे दिले आणि वर मीटिंगला गेलो.

पत्र मिळवणं अवघड नव्हतं, हे मुद्दाम लिहितो. आमच्या ॲडमिनच्या नम्रताला मी विचारलं. ती म्हणाली, "शुअर, नो इश्यू. तू फक्त वन-पेजर ड्राफ्ट करून दे, मी बॉसची साइन घेते. दोन दिवसांत होईल." म्हणजे एक पान मी लिहायचं होतं. दहा मिनिटांचं काम. डिसेंबरात आमचं रिलीज होतं, जानेवारीत क्लायंट आले, फेब्रुवारीत मी आजारी पडलो आणि चार दिवस घरी होतो. त्या चार दिवसांत मी क्रिकेटच्या मॅच बघितल्या.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सरांचा फोन आला. ते स्काऊट कार्यालयात जाऊन आले होते. आपण होऊन त्यांनी तिथल्या श्रीनिवास नावाच्या लेखनिकाला सांगितलं, की गेली सहा वर्षं पालकांची सही मी केलेली आहे, ज्यांची आहे ते हयात नाहीत. श्रीनिवासने म्हणे चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "कुंटूरकर, सहा वर्षं जो कागद कोणी वाचला नाही, तो आपण आज वाचून दाखवताय. हौस म्हणायची."

"सर, पण आत्ताच कशाला सांगितलंत?" मी विचारलं.

"आता खरे पालक मिळालेत ना," सर म्हणाले. "खोटं कशाला ठेवायचं? ते लोक चांगले आहेत. म्हणाले, एकतीस मार्चपर्यंत नव्या पालकांचं पत्र आणा, मागचं आम्ही समजून घेऊ. नाही आलं तर मात्र पथक रद्द. तू येतोयस हे मी सांगितलंय."

"येतो सर. या आठवड्यात नक्की," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा फोन केला नाही. स्काऊटने शब्द दिला की त्याला आठवण करून द्यायची नसते, असं ते आम्हाला लहानपणी शिकवायचे. मला आठवण करून द्यायला हवी होती, असं मी पुढे कित्येक महिने मनातल्या मनात त्यांना ऐकवत असे.

एकतीस मार्चला शुक्रवार होता. आमचंही वर्ष संपत होतं. दुपारी चारला एका कागदावर तारीख टाकताना मला एकदम आठवलं. मी उभ्याउभ्या ते पान टाइप केलं. आठ मिनिटं लागली. नम्रताकडे धावलो तर ती तीनलाच गेली होती, आणि सही करणारे साहेब विमानात होते. सोमवारी सकाळी सही झाली. मी सरांना फोन केला, पत्र तयार आहे म्हणून. ते म्हणाले, "शनिवारी कार्यालयातून माणूस आला होता. झेंडा आणि नोंदवही दिली मी." मी म्हणालो, मी येऊन त्यांच्याशी बोलतो. सर म्हणाले, "त्यांनी एक दिवस जास्त दिला होता, शुभंकर. शनिवारचा. संध्याकाळपर्यंत थांबले बिचारे." मग "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. कार्यालयात मी गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार होतो?

पुढच्या शनिवारी मी कामाला आलो होतो. साडेपाचच्या सुमाराला कॉफी घेऊन खिडकीशी उभा राहिलो. खाली शिरीषाखाली सर होते. पूर्ण गणवेशात. त्यांनी सायकलवरून ती लोखंडी खुर्ची काढली, उघडली, रुमालाने पुसली आणि झाडाच्या उजव्या अंगाला मांडली, नेमकी तिथे जिथे ती आमच्या वेळी असायची. आता तोंड मात्र आमच्या गेटाकडे होतं. मग ते समोर ताठ उभे राहिले. अर्धा तास. सहाला खुर्ची घडी करून सायकलला बांधली आणि गेले.

मी खाली गेलो नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरच्या कुठल्याच शनिवारी नाही. शनिवारी कामाला आलो तर एक नंबरच्या गेटाने बाहेर पडायचो आणि दीड किलोमीटर वळसा घालायचो. खिडकीतून मात्र बघायचो. तो माणूस रिकाम्या जागेपुढे उभा असायचा आणि बरोबर साडेपाचला त्याचे ओठ हलायचे. पावसाळाभर तो आला, छत्री न घेता. मला झोपेत लोखंडी खुर्ची उघडल्याचा आवाज येऊ लागला. डाव्या हातात कपसुद्धा धरवेना. डॉक्टरने नस दबली असेल म्हणून सांगितलं आणि मी ते आनंदाने मान्य केलं.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी झाडाखाली माणसं जमलेली दिसली. दोन दुचाक्या धडकल्या असतील असं मी स्वतःला सांगितलं. क्लायंटचा कॉल चालू होता. मी खिडकीकडे पाठ केली आणि बोलत राहिलो.

सोमवारी गेटावर दत्तोबाने मला थांबवलं. दत्तोबा आमचा सिक्युरिटीचा माणूस, लोणी काळभोरचा, वयाने मोठा.

"सायेब, त्ये खुर्चीवालं बाबा गेलं," तो म्हणाला. "शनवारी हितंच पडलं. अर्धं अंग लुळं झालं. काल दवाखान्यात गेलं म्हनं."

मी गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं.

"म्या त्यास्नी उचलून खुर्चीत बसवाया लागलो, तर बसनात," दत्तोबा म्हणाला. "तोंड वाकडं झालं हुतं, तरी म्हनलं, ती माझी न्हाई. शेवटाला खालीच बसवलं मातीत. म्या मागं एकदा इचारलं हुतं, कुनाची वाट बघताय? तर म्हनले, पालक वरच्या मजल्यावर हायेत, कामात हायेत, येतील."

तेराव्यानंतर मी यमुनाबाईंकडे गेलो. चंदननगरात दोन खोल्या. मी पथकातला शुभंकर म्हणून नाव सांगितलं. त्यांनी मला नखशिखांत बघितलं. नांदेड सोडून तीस वर्षं झाली तरी त्यांची बोली तशीच होती.

"बसा की," त्या म्हणाल्या. "तुमचीच वाट बघायले होते."

हिंमतरावांचं, सह्यांचं सगळं मला त्यांनी तेव्हा सांगितलं. आवाज चढवला नाही, डोळ्याला पदर लावला नाही. मी माफीचं काहीतरी पुटपुटलो, ते त्यांनी ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं.

"दवाखान्यात कागदावर सही पाहिजे होती," त्या म्हणाल्या. "उजवा हात गेलेला. डॉक्टर म्हणले, डाव्या हातानं करा. हे मान हलवायले. म्हणले, या हातानं सही करणार नाही. हा आता शुभंकरला दिलेला आहे. मग अंगठा घेतला त्यांनी."

त्या उठल्या, पत्र्याच्या पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्यापुढे कागद ठेवला. नोंदणीचा कागद होता, त्या वर्षीचा. सरांच्या टाइमकीपरच्या अक्षरात पूर्ण भरलेला. सत्तावीस मुलांची नावं, चौघांपुढे चाचणीची खूण. पालक संस्थेच्या रकान्यात माझ्या कंपनीचं नाव, आणि खाली प्रतिनिधी म्हणून माझं, आडनावासकट. सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारलेली होती, मला जागा शोधावी लागू नये म्हणून.

"गेल्या वर्षी नोव्हेंबरात मारली ती फुली," यमुनाबाई म्हणाल्या. "तुम्ही हात दिला त्याच दिवशी."

मी खिशातून पेन काढलं. का काढलं ते मला माहीत नाही. फुलीवर सही केली. यमुनाबाईंनी कागद उचलला, चष्मा लावून सही बघितली, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"आता हे कुठं देऊ मी?" त्यांनी विचारलं.

त्यांनी कागद पिशवीत घातला आणि पेटीत ठेवला. निघताना मी खुर्चीची चौकशी केली, ती तरी मला द्या असं म्हणणार होतो. त्या म्हणाल्या, ती घरात आणलीच नाही, गेटावरच राहिली, तिथेच राहू द्या.

ती अजून गेटावर आहे. दत्तोबाच्या केबिनमध्ये भिंतीला टेकवलेली असते. शनिवारी संध्याकाळी तो ती बाहेर काढून झाडाखाली मांडतो. मी एकदा त्याला म्हणालो, कशाला मांडतोस, कोण बसणार आहे? तो म्हणाला, "बाबानं बोलून ठिवलं हुतं सायेब. मी नसलो तरी मांडत जा म्हनून."

त्या चार मुलांची चाचणी हुकली ती हुकलीच. सत्तावीस जणांची नावं मला पाठ आहेत. आमची कंपनी आता समाजकार्याला बराच वेळ देते, आणि अशा संस्थांना पत्रं देण्याचा अधिकार गेल्या वर्षी माझ्याकडे आला. कागद टेबलावर आला की मी त्याच दिवशी सही करतो. लोक त्याचं कौतुक करतात.

शनिवारी मजला जवळजवळ रिकामा असतो. मी खिडकीकडे पाठ करून बसतो, हेडफोन लावतो, काही उपयोग होत नाही. साडेपाचला मागून प्रश्न येतोच. आवाज हिंमतरावांचा नसतो. हळू, एकेक शब्द मोजून बोलणारा आवाज असतो.

"आज किती?"

बसून उत्तर द्यायची पद्धत नाही. मी हेडफोन काढतो, उठतो, खिडकीकडे वळतो आणि ताठ उभा राहतो.

"एकही नाही, सर."

यानंतर पालकांनी "चालू द्या" म्हणायचं असतं. मी उभा राहून वाट बघतो. ते अजून कोणी म्हटलेलं नाही.